नोंदींचा शेजारधर्म

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं वय 43, नोकरी हिशेबाची. कॉलेजात असल्यापासून त्यांना नवलाची माहिती टिपून ठेवायची सवय आहे. एखाद्या शब्दाचा उगम, एखाद्या प्राण्याची तऱ्हा, एखाद्या ग्रहाचा विक्षिप्तपणा. अशा 17 वह्या भरल्या आहेत. अलीकडे ते रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर वाचून उतरवून घेत बसतात. गेल्या महिन्यात सगळे जेवायला बसले असताना सासरे आपल्या हृदयाच्या तपासणीबद्दल सांगत होते. तेव्हा हे मध्येच म्हणाले, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात." सगळे गप्प झाले. नंतर पत्नी म्हणाली, "या सगळ्याचा उपयोग काय?" तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, हे फोनवर असतंच की." एका जुन्या मित्रानं तर सांगूनच टाकलं, की तू चालताबोलता ज्ञानकोश आहेस, पण जाणकार एकाही विषयाचा नाहीस. वह्या रद्दीत घालून एखादा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावा असं आता त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, ही जिज्ञासा की व्यसन? थांबू का? पत्रासोबत त्यांनी वहीच्या दोन पानांची छायाचित्रं पाठवली आहेत. आणि ता. क.: 'दप्तर' हा शब्द कुठून आला, सांगाल का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते ता. क. वह्या रद्दीत घालाव्यात का, हे विचारायला तुम्ही चार पानं लिहिलीत, खाली सही केलीत, आणि मग राहवलं नाही म्हणून एक शब्द विचारलात. 'दप्तर'कडे शेवटी येते. आधी त्या जेवणाबद्दल बोलू. पत्र वह्यांबद्दल असलं, तरी तुमच्या मनाला लागलंय ते तिथलं.

तुम्ही सांगितलेली माहिती बरोबर होती. ऑक्टोपसची दोन हृदयं कल्ल्यांमधून रक्त ढकलतात आणि तिसरं ते बाकीच्या शरीरात फिरवतं. तो पोहायला लागला की हे तिसरं हृदय थांबतं. म्हणून पोहताना तो लवकर दमतो आणि शक्यतो तळाशी सरपटतच जातो. इतकी सुंदर गोष्ट, आणि ती ऐकून माणसं गप्प झाली. यावरून तुम्ही असं धरलंत, की आपल्या माहितीला कुणाच्या लेखी किंमत नाही. मला तसं वाटत नाही. सासरे स्वतःच्या हृदयाबद्दल सांगत होते. त्यांच्या आवाजात थोडी भीती असणार, ऐकणाऱ्यांच्या पोटातही कालवलं असणार. अशा वेळी तुम्ही ऑक्टोपसकडे का वळलात? माझं सगळं आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलं आहे, म्हणून मला एक शंका येते. भीती वाटली की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी उठून कामाला लागतं, आणि तुमच्या-माझ्यासारखी माणसं हाताशी असलेली एखादी पक्की गोष्ट घट्ट धरतात. तीन हृदयं. हे नक्की आहे, हे उद्याच्या अहवालानं बदलणार नाही. तुम्ही धीर सासऱ्यांना देऊ पाहत होतात की स्वतःला, ते तुम्हालाच ठाऊक. पण ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलं ते एवढंच, की त्यांचं बोलणं मध्येच तुटलं.

तुम्हाला शब्द आवडतात, म्हणून हे शब्दांतूनच सांगते. संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दुपटून इच्छा दाखवायची एक रीत आहे. 'पा' म्हणजे पिणं, त्यावरून 'पिपासा'. 'मुच्' म्हणजे सुटणं, त्यावरून 'मुमुक्षा'. 'ज्ञा' म्हणजे जाणणं, त्यावरून तुमची 'जिज्ञासा'. याच साच्यातला आणखी एक शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचं मूळ लक्षात येत नाही. तो शब्द 'शुश्रूषा'. 'श्रु' म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा. त्यावरून आज्ञा पाळणं, मग सेवा, मग आजाऱ्याची देखभाल असा अर्थ सरकत गेला. जिज्ञासा आणि शुश्रूषा या व्याकरणानं सख्ख्या बहिणी आहेत. तुमच्याकडे पहिली मुबलक आहे. त्या रात्री घरात गरज दुसरीची होती.

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसणाऱ्या माझ्यासारखीला हे पहिल्या काही महिन्यांतच शिकावं लागतं. माणूस जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही. एकदा एक गृहस्थ आले आणि "आकाशावरची पुस्तकं कुठेत?" म्हणाले. कपाटाकडे बोट दाखवून मला मोकळं होता आलं असतं. मी विचारलं, कशासाठी हवीत? थोडं इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर कळलं, की त्यांची छोटी मुलगी विचारते, आपण चालायला लागलो की चंद्र आपल्याबरोबर का चालतो? त्यांना खगोलशास्त्राचा जाडजूड ग्रंथ काय कामाचा? चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटर लांब आहे. आपण शंभर पावलं चाललो तरी त्याची दिशा जाणवेल इतकी बदलत नाही. जवळची झाडं मात्र भराभर मागे पडतात, म्हणून तो सोबत येतो असं वाटतं. एवढं चित्रांतून समजावणारं मुलांचं पुस्तक त्यांना हवं होतं. ते माझ्या कपाटात आधीपासून होतंच. कुणाच्या हातात द्यायचं, ते त्यांचं ऐकल्यावर कळलं.

आमच्या शास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत संस्था आहे. यातला तिसरा आणि चौथा नियम तुमच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, फक्त 'पुस्तक' काढून 'नोंद' घाला आणि 'वाचक' काढून 'ऐकणारा'. प्रत्येक नोंदीला तिचा ऐकणारा असतो. तो मिळेपर्यंत नोंद कपाटात राहिली तर तिचा अपमान होत नाही. आमच्याकडे कितीतरी पुस्तकं दहा-दहा वर्षं कुणी नेत नाही, आणि एक दिवस कुणीतरी नेमकं तेच शोधत येतं.

आता पत्नीचा प्रश्न. 'उपयोग काय' हा तुम्ही ज्ञानाविषयीचा प्रश्न समजलात आणि त्यावर पानभर उत्तर लिहिलंत. मला वाटतं तो तुमच्या वेळेविषयी असावा. रात्री एक वाजेपर्यंत जो माणूस उजेडाच्या चौकोनात डोकं घालून बसलेला असतो, त्याच्या शेजारी कुणीतरी जागं असतं किंवा एकटं झोपी जातं. मी चूक असेन, पण हे तिला विचारून पाहायला काहीच लागत नाही. विचाराल तेव्हा वही मिटलेली असू द्या.

मुलीशी मात्र मी सहमत आहे. ती म्हणते ते खरंच आहे, हे फोनवर असतं. तिच्याशी वाद घालू नका. माहितीचा साठा म्हणून 17 वह्यांनी फोनशी स्पर्धा करायची काही गरजच नाही. पण एक फरक तुम्हीच तपासून बघा. 'दप्तर' कुठून आला, हे तुम्हाला फोननं सुचवलं नव्हतं. ते तुमच्या डोक्यात उगवलं, बहुधा कुणाच्या तरी पाठीवरचं दप्तर पाहून. आता अलीकडच्या वह्या उघडा आणि मोजा. तुमच्या डोक्यात आधी प्रश्न आला आणि मग उत्तर शोधलंत अशा नोंदी किती, आणि पडदा सरकवता सरकवता समोर आलं म्हणून उतरवलंत अशा किती? जिज्ञासा की व्यसन, याचं उत्तर त्या मोजणीत मिळेल. ते कटू निघालं तरी घाबरू नका. पहिल्या वह्यांमध्ये पहिल्या प्रकारच्या नोंदी जास्त सापडतील असा माझा अंदाज आहे, कारण तेव्हा प्रत्येक उत्तरासाठी तुम्हाला उठून कुठेतरी जावं लागत होतं.

मित्राचं बोलणं तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबलेलं दिसतं. सगळ्यातलं थोडंथोडं, कशातलंच धड नाही. यात थोडं तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय एक विषय धरून बाकीचे सोडणं हाच आहे असं मला वाटत नाही. तुमच्या वह्यांची अडचण माझ्या मते दुसरीच आहे. तिथे सगळं आहे, पण कुणाला शेजार नाही.

पुस्तक आमच्याकडे आलं की दाखल नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो. त्यावरून कळतं फक्त ते कधी आलं. तेवढ्यावर पुस्तकं मांडली तर पाककृतींशेजारी भूमिती आणि तिच्याशेजारी शोकांतिका. मग त्याला बोधांक, म्हणजे विषयावरून ठरणारा क्रमांक, मिळतो, आणि आता ते कुणाच्या शेजारी राहणार हे ठरतं. आमच्या कामाचा सगळा जीव या शेजारात असतो. वर्गीकरणं घडवणाऱ्यांची भांडणंही शेजारावरूनच होतात. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांच्या 1876 सालच्या दशांश वर्गीकरणात वाघ 599 मध्ये सस्तन प्राण्यांत जातो आणि घरातली मांजर 636.8 मध्ये पाळीव प्राण्यांत. एकाच कुळातल्या त्या दोघांमध्ये वैद्यक, अभियांत्रिकी आणि शेती येऊन बसतात. मांजर ही वाघाची मावशी म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे कधीच पटणार नाही. जर्मन कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांनी हाम्बुर्गमधल्या आपल्या ग्रंथालयात नेमकं उलट केलं. त्यांना एखादी नवी कल्पना सुचली की ते कपाटंच्या कपाटं नव्यानं लावायचे. त्यांच्या मांडणीचं तत्त्व होतं 'चांगल्या शेजाऱ्याचा नियम'. तुम्ही जे पुस्तक शोधत येता, त्यापेक्षा तुमच्या कामाचं पुस्तक बहुतेक वेळा त्याच्या शेजारी असतं, आणि ते अस्तित्वात आहे हे तुम्हाला माहीतही नसतं. आपल्याकडे त्याला सरळ शेजारधर्म म्हणता येईल.

तुमच्या 17 वह्या म्हणजे 17 दाखल नोंदवह्या आहेत. जे ज्या दिवशी आलं ते त्या दिवशी लिहिलं गेलं. कुठलीच नोंद दुसरीला ओळखत नाही. 'ग्रंथ' हा शब्दच बघा ना. 'ग्रंथ्' म्हणजे बांधणं, गुंफणं. आपली साधी 'गाठ'सुद्धा त्याच कुळातली. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरा ओवत आणि बांधून ठेवत. दोरा तुटला की पानं तीच राहतात, ग्रंथ मात्र उरत नाही.

दोरा ओवणं म्हणजे काय, ते तुम्ही पाठवलेल्या पानांवरच दाखवते. वरून तिसरी नोंद: 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो.' इथे तुम्ही थांबलात. एकच प्रश्न विचारला असतात, दिवस म्हणजे कुठला दिवस? शुक्र स्वतःभोवती एक फेरी आपल्या 243 दिवसांत मारतो आणि सूर्याभोवती सुमारे 225 दिवसांत. या हिशेबानं नोंद बरोबर. पण ही फेरी ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेली आहे, म्हणजे हा नाक्षत्र दिवस. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा दिवस धरला, तर शुक्र उलटा फिरत असल्यामुळे तो आपल्या सुमारे 117 दिवसांचाच भरतो. म्हणजे तिथल्या एका वर्षात असे जवळजवळ दोन दिवस बसतात, आणि मग दिवस वर्षाहून लहान ठरतो! आता पृथ्वीकडे वळा. आपलाही नाक्षत्र दिवस 24 तासांचा नसतो, तो सुमारे 23 तास 56 मिनिटांचा असतो. उरलेली चार मिनिटं लागतात, कारण तोवर पृथ्वी आपल्या कक्षेत थोडी पुढे सरकलेली असते. तोच तारा रोज चार मिनिटं आधी का उगवतो, याचंही उत्तर त्यातच आलं. तुमच्या एका ओळीला चार शेजारी मिळाले, आणि आता ती ओळ तुम्ही विसरायची म्हटलंत तरी विसरणार नाही.

त्याच पानावर खाली कांगारू आहे. कॅप्टन कुकनं प्राण्याचं नाव विचारलं, तिथल्या माणसानं 'मला कळत नाही' असं उत्तर दिलं, आणि तेच नाव पडलं. ही गोष्ट इतकी गोड आहे की ती खोटी आहे हे सांगताना मला वाईट वाटतं. 1770 साली कुकचं जहाज दुरुस्तीसाठी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर थांबलं होतं. तिथल्या गुगू यिमिथिर भाषेत एका जातीच्या मोठ्या कांगारूला 'गंगुरू' म्हणतात, आणि तेच नाव पाहुण्यांनी टिपलं होतं. 1970च्या दशकात त्या भाषेचा अभ्यास झाला तेव्हा हे पक्कं झालं. पाहुण्यांनी बरोबर ऐकलं होतं. सांगणाऱ्यालाही प्रश्न कळला होता. मधली दोनशे वर्षं एका अख्ख्या भाषेच्या माणसांना न कळणारं ठरवून आपण हसत राहिलो. चुकीच्या नोंदीनं कुणाचं काय बिघडतं, असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

चूक जाणत्या माणसांकडूनही होते. 1934 साली निघालेल्या वेब्स्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'डोर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ 'घनता'. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' हे संक्षेप वापरतात, अशी सूचना देणारी एक चिठ्ठी होती, 'डी ऑर डी' (D or d). ती संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची, ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरं जोडून वाचली गेली. 1939 साली एका संपादकाला तो शब्द खटकला, कशामुळे, तर त्याची व्युत्पत्ती दिलेली नव्हती. शब्द आहे आणि त्याला मागेपुढे कुणी नाही, हे पाहून त्याला संशय आला. तुम्हीही तोच संशय जवळ बाळगा. ज्या नोंदीला कुठूनच काही येऊन मिळत नाही, ती पुन्हा तपासा.

तेव्हा वह्या रद्दीत घालू नका. त्यांची पडताळणी करा. आम्ही ग्रंथालयात ठरावीक काळानं एकेक पुस्तक हातात घेऊन पाहतो, तशी. आठवड्यातून एक तास, एक वही. प्रत्येक नोंदीसमोर लिहा, हे मला कुठून कळलं. आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह. मग तिच्याखाली 'हेही पाहा' असे दोन शब्द लिहा आणि शेजारी शोधा, त्याच वहीतला, दुसऱ्या वहीतला किंवा घरातल्या एखाद्या पुस्तकातला. तालिकापत्रांवर, म्हणजे ग्रंथसूचीच्या कार्डांवर, आम्ही हेच दोन शब्द लिहीत आलो आहोत. एका कपाटातून वाचकाला दुसऱ्या कपाटाकडे नेणारा इतका स्वस्त रस्ता दुसरा नाही. काही नोंदींना शेजारी मिळणारच नाहीत आणि त्यांचं मूळही सापडणार नाही. त्या खुशाल बाद करा. ग्रंथालयातही निर्लेखन होतं, आणि ते केल्यावर उरलेली पुस्तकं मोकळा श्वास घेतात. पुढच्या वहीत मात्र डावं पान कोरं सोडत जा. उत्तर उजवीकडे लिहायचं, आणि त्यातून उठलेला प्रश्न डावीकडे.

17 वह्यांत एखादी गोष्ट सापडायची कशी, यासाठी एक जुनी युक्ती आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या टिपणवह्यांसाठी एक सूची बनवली होती. ती त्यांनी 1686 साली फ्रेंचमध्ये छापली आणि ती इंग्रजीत आली 1706 साली. विषयाच्या नावातलं पहिलं अक्षर घ्यायचं आणि त्यापुढचा पहिला स्वर घ्यायचा. त्या जोडीच्या घरात पानाचा क्रमांक टाकायचा. दोन पानांत सगळी वही सापडते. इंग्रजीत हे जरा ओढूनताणून करावं लागतं, पण आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात बसलेले असतात. 'कागद' गेला 'का'च्या घरात, 'शुक्र' गेला 'शु'च्या घरात. लॉकनं खटपटीनं जे जमवलं ते बाराखडी शिकलेल्या माणसाला आयतंच मिळालेलं आहे. सगळी बाराखडी मांडायला जागा पुरणार नाही, म्हणून प्रत्येक व्यंजनापुढे चारच घरं आखा: अ-आ, इ-ई, उ-ऊ आणि ए ते औ. सतराही वह्यांना मिळून एकच सूची ठेवा, वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एकत्र लिहून. तुम्ही हिशेबाचे माणूस, हे काम माझ्यापेक्षा नेटकं कराल.

रात्रीच्या वाचनाबद्दल मी थोडी कठोर होते. ते थांबवा. वाचन नव्हे, उतरवून घेणं. दिवसाला एकच नोंद, आणि तीही समोरचं मिटवून, आठवून, आपल्या शब्दांत लिहायची. जे मिटवल्यावर सांगता येत नाही ते अजून तुमचं झालेलं नाही. दहा गोष्टी उतरवून झोपणारा माणूस सकाळी त्यांतली किती सांगू शकतो, हे तुम्ही स्वतःवर करून पाहिलंत तर माझ्या आग्रहाची गरज उरणार नाही. हे तुम्हालाच नाही, रात्री पडदा सरकवत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. प्रश्न घेऊन पडद्याकडे जा. प्रश्न संपला की उठा.

अभ्यासक्रम करायचा का? मनापासून करावासा वाटत असेल तर जरूर करा. पण तुमच्या पत्रात तो प्रायश्चित्तासारखा आला आहे, वह्या रद्दीत घातल्याची भरपाई म्हणून, आणि तसा घेतला तर तो तुम्हाला लवकरच नकोसा होईल. त्याआधी सहा महिने एक प्रयोग करा. पडताळणी करताना तुमच्या लक्षात येईल, की काही विषय तुमच्याकडे पुन्हापुन्हा येतात. दोन पानांवरून अंदाज करायचा झाला तर मला शब्द आणि कालगणना असे दोन दिसतात. त्यातला एक प्रश्न निवडा, विषय नव्हे, प्रश्न. 'वेळ मोजणारे आपले शब्द कुठून आले' असा एखादा. सहा महिने प्रत्येक नोंद त्याच्या शेजारी बसते का ते पाहा. बाकीच्या येऊ द्यात, त्यांना हाकलू नका. रंगनाथन गणिताचे शिक्षक होते. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांचं मन तिथे इतकं रमेना, की ते परत शिकवायला निघाले होते. त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठवलं गेलं. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा मुलांचा खेळ पाहिला. मोजके सुटे तुकडे, आणि त्यांतून हवं ते यंत्र जोडता येतं. त्यावरून त्यांना सुचलं, की पुस्तकाचा विषयही असा तुकड्यांनी जोडता येईल. 1933 साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. त्या दुकानातून इतर कितीतरी माणसं गेली असतील. खेळणं सगळ्यांनी पाहिलं. रंगनाथनांच्या डोक्यात तेव्हा एक प्रश्न ठाण मांडून बसला होता, म्हणून त्या खेळण्याला तिथे जागा मिळाली.

मुलीला वहीतलं वाचून दाखवू नका. तिला एक पान द्या, कोरं, आणि तिला जे खरं वाटतं पण खात्री नाही असं काही लिहायला सांगा. मग दोघं मिळून ते खोडून काढायचा प्रयत्न करा, फोनवरही आणि पुस्तकातही. तुमचा कांगारू तिच्या हाती लागला तर तिला फार आनंद होईल. आपल्या बाबांची चूक सापडण्याइतकं मोठं सुख तेराव्या वर्षी नसतं, आणि ते तिला मिळू द्या.

सासऱ्यांना उद्या फोन करा. तपासणीचं काय झालं ते विचारा आणि ते जितका वेळ बोलतील तितका वेळ ऐका. ऑक्टोपसबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं तरच सांगा, आणि ते विचारतील असं मला वाटतं.

आता 'दप्तर'. तुमच्या नव्या वहीत कशी लिहाल तशीच नोंद देते.

दप्तर: फारसी 'दफ्तर'वरून. त्याचं मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या कागदालाही 'दिफ्थेरा'च म्हणत, कारण पूर्वी पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. कातडं, मग त्यावरचं लिखाण, मग लिखाणाची वही, मग वह्यांचा गठ्ठा, आणि आपल्याकडे शेवटी तो गठ्ठा ज्यात घालतात ती पिशवी. 1826 साली फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या एका आजाराला याच ग्रीक शब्दावरून नाव दिलं, त्यावरून पुढे 'डिप्थीरिया' झालं.

हेही पाहा: घटसर्प. शाई (फारसी 'सियाह', म्हणजे काळा, तर मग लाल शाई कशी?). पान (झाडाचं आणि वहीचं).

डावं पान तुमच्यासाठी कोरं सोडलं आहे.